घराखालचं पाणी : क्रॉलस्पेस दुरुस्तीचा क्रम

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, विशेषतः राले-कॅरी-मॉरिसव्हिल पट्ट्यात, जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाच्या इन्स्पेक्शन रिपोर्टात एक ओळ बहुतेक वेळा असतेच: क्रॉलस्पेसमध्ये (घराखालच्या रांगत जाण्याएवढ्या पोकळ जागेत) ओल, बुरशी, इन्सुलेशन लोंबतंय. मग दोन-तीन कंपन्या फुकट तपासणीला येतात आणि सगळ्या एकच उपाय सांगतात. जाड पांढरं प्लास्टिक, डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, वर वॉरंटी. पाच ते पंधरा हजार डॉलरची कोटेशन्स सर्रास मिळतात. प्लास्टिक वाईट नाही, पण ते सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी पाणी बाहेर वळवायचं, मग जागा वाळवायची, मग लाकूड दुरुस्त करायचं आणि त्यानंतर झाकायचं. हा क्रम उलटा केला तर पाणी प्लास्टिकखाली साचत राहतं आणि वरून सगळं स्वच्छ दिसतं.

आपल्याकडे जोत्याच्या आत मुरूम-दगड ठोकून भरतात आणि वर फरशी बसवतात. इथे जोतं पोकळ असतं. चारी बाजूंनी काँक्रीट ब्लॉकची भिंत, मध्ये ब्लॉकचेच खांब, त्यांवर गर्डर म्हणजे जाड लाकडी तुळया, गर्डरवर आडवे जॉइस्ट म्हणजे बारीक तुळया आणि त्यांवर तुमच्या खोल्यांची जमीन. खाली दोन ते चार फूट उंचीची मोकळी जागा, तळाला उघडी माती. नळ, ड्रेनेजचे पाइप, एसीचे डक्ट, वायरी सगळं तिथूनच जातं. म्हणजे ही अडगळ नाही, घराचा सगळा भार इथेच उतरतो.

खाली उतरण्याआधी

पाणी साचलेलं असेल आणि त्यात वायर, जंक्शन बॉक्स किंवा एसीचं युनिट बुडालेलं दिसलं, तर उतरायचं नाही. ब्रेकर बंद करायचा, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. मैल्याचा वास आला किंवा पुराचं पाणी शिरून गेलं असेल, तर ते काम व्यावसायिक सफाईवाल्यांचं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानंतर राज्याच्या पश्चिम डोंगराळ भागात घराघरांखाली जो गाळ बसला, त्यात सांडपाणी, डिझेल, शेतातली रसायनं सगळंच मिसळलेलं होतं. तसला गाळ हातमोजे घालून उपसायचा नसतो.

साधी ओल असेल तर स्वतः उतरायला हरकत नाही. पूर्ण बाह्यांचा टाकाऊ सूट, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, जाड हातमोजे, गुडघ्याचे पॅड, कपाळावरचा दिवा. घरातल्या कुणाला तरी दाराशी बसवा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ उडते आणि ती श्वासात जाणं धोक्याचं. कॉपरहेड साप आणि ब्लॅक विडो कोळी दोन्ही या भागात आहेत, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात आधी उजेड जातो, मग हात. घर १९८० च्या आधीचं असेल तर पाइपांभोवतीचं जुनं पांढुरकं वेष्टण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. त्याला हात लावू नका, नमुना तपासून घ्या.

सोबत दोन वस्तू न्या: लाकडातली ओल मोजणारं सुयांचं मीटर आणि मोठा स्क्रूड्रायव्हर. मीटर तीस-चाळीस डॉलरला मिळतं. जॉइस्टमध्ये सुया टोचल्यावर १६ टक्क्यांच्या खाली आकडा आला तर लाकूड ठीक. २० च्या वर बुरशीला सोयीचं, आणि २८-३० च्या आसपास बराच काळ राहिलं तर लाकूड खरोखर कुजायला लागतं. स्क्रूड्रायव्हरचं काम सोपं आहे. भिंतीवर टेकलेल्या सिल प्लेटच्या लाकडी फळीवर, जॉइस्टच्या टोकांवर, न्हाणीघर आणि किचन सिंकच्या बरोबर खाली तो दाबून पाहायचा. टोक सहज आत गेलं तर तिथलं लाकूड गेलं.

प्रत्येक ठिकाणचा आकडा खडूने जॉइस्टवरच लिहा, तारखेसकट. दोन महिन्यांनी ह्याच आकड्यांवरून कळेल की काम लागू पडलं की नाही.

पाणी कुठून येतंय

इथे घाई करू नका. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि फुकट तपासणीला आलेला माणूस नेमका ह्यावर पाच मिनिटं घालवतो.

पहिली शंका घरातल्याच पाण्याची घ्या. सगळे नळ, मशीन, संडासाचे फ्लश बंद करून रस्त्याकडेच्या पाण्याच्या मीटरवरचा छोटा त्रिकोण पाहा. तो फिरत असेल तर कुठेतरी नळ गळतोय. मग एसीच्या पाण्याची नळी बघा. उन्हाळ्यात एसी रोज कित्येक लिटर पाणी काढतो, आणि ती नळी सुटून क्रॉलस्पेसमध्येच ठिबकत असल्याचं अनेक घरांत सापडतं. कपडे वाळवणाऱ्या मशीनचा गरम दमट वाराही बाहेर जायच्या ऐवजी घराखाली सुटलेला असतो. ह्या दोन्ही दुरुस्त्या शंभरेक डॉलरच्या आत होतात. त्या निघाल्या तर पुढचं अर्धं वाचलंत म्हणून समजा.

नंतर जोराचा पाऊस येऊ द्या आणि छत्री घेऊन घराभोवती फिरा. कोटेशन देणारा कुणीही हे तुमच्यासाठी करणार नाही. पन्हळीतून पाणी ओसंडतंय का? खाली उतरणारा पाइप भिंतीच्या पायाशीच रिकामा होतोय का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? शेजाऱ्याचं परसदार उंचावर असेल तर तिकडून ओघळ येतोय का? पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी खाली डोकवा. भिंतीच्या एकाच बाजूला ओल दिसली तर पाणी वरून, जमिनीच्या पृष्ठावरून येतंय. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तळाची माती सगळीकडे मऊ असेल, मधोमध डबकं असेल, तर भूजल वर येतंय. ब्लॉकच्या भिंतीवर पांढरा लोणा फुटलेला असेल तर पाणी त्या भिंतीतून आधीपासून झिरपतंय, ते आजचं नाही.

शेवटची शक्यता लोकांना पटत नाही: पाणी हवेतूनही येतं. इथल्या जुलैत हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो, ७० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २१ सेल्सिअसच्या आसपास असतो. एसीमुळे गार झालेली घराची जमीन आणि त्याहून गार डक्ट यांना ती हवा लागली की थेंब धरतात. भिंतीतल्या जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की क्रॉलस्पेस वाळतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, पण इथल्या दमट उन्हाळ्यात त्या खिडक्या ओल आत आणतात. पाऊस नसतानाही जॉइस्ट ओलसर आणि डक्टवर थेंब दिसले तर दोष हवेचा आहे, आणि त्याला चर खणून काही होणार नाही.

बाहेरचं काम: छपरापासून सुरुवात

रालेला वर्षाला साधारण ११५० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यापेक्षा जास्तच, फक्त चार महिन्यांत न कोसळता बाराही महिने विभागलेला. पण पुण्यातला मुरूम पाणी गिळतो, इथली पिडमाँटची, म्हणजे राज्याच्या मधल्या पठारी भागातली, लाल चिकणमाती गिळत नाही. ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि भिंतीवर दाब देते.

हिशोब असा आहे: हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की ६२० गॅलनांहून जास्त, म्हणजे जवळजवळ २३५० लिटर पाणी होतं. दोन हजार चौरस फुटांच्या छपरावर दोन इंचांचा पाऊस झाला की आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर जवळपास पूर्ण रिता झाला, तोही भिंतीच्या पायाशी. म्हणून पहिला डॉलर पन्हळीवर खर्च करा. वर्षातून दोनदा पाला काढा, घराभोवती पाइन असतील तर तीनदा. सांधे गळतात का बघा. खाली उतरणाऱ्या प्रत्येक पाइपाला जोड देऊन पाणी निदान सहा फूट, जमलं तर दहा फूट लांब न्या.

जोडपाइप जमिनीखालून न्यायचा असेल तर तो बिनछिद्राचा घ्या, आणि टोक उतारावर उघड्यावर काढा. काळा नालीदार पाइप स्वस्त असतो, पण तो चेपतो, त्याच्या वळ्यांत गाळ अडकतो. गुळगुळीत पांढरा पीव्हीसी थोडा महाग पडला तरी तोच घाला.

मग उतार. बांधकामाचा नियम सांगतो की भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच खाली गेली पाहिजे. भिंतीजवळ एक खुंटी, दहा फुटांवर दुसरी, मध्ये दोरी, दोरीवर छोटी लेव्हल. अर्ध्या तासात कळतं. भर घालायला चिकणमातीच वापरा, थर देऊन ठोकत जा. वाळूमिश्रित माती किंवा नुसता मल्च, म्हणजे लाकडाचा भुगा-साल, टाकलात तर पाणी त्यातून थेट भिंतीशी उतरेल. भर घालताना लाकडी साइडिंगच्या, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या फळ्यांच्या, खाली सहा ते आठ इंच भिंत उघडी राहिली पाहिजे, नाहीतर वाळवीला तुम्ही आपणहून जिना बांधून दिलात. घराला लागून फुलझाडांचे वाफे आणि त्यांना ठिबक सिंचन असेल तर तेही हलवा, बायको कितीही नाराज झाली तरी.

माझ्या मते निम्म्याहून अधिक घरांचं दुखणं एवढ्यावर आटोक्यात येतं. इथे थांबा, दोन-तीन चांगले पाऊस जाऊ द्या आणि लाकडातल्या ओलीचे आकडे पुन्हा घ्या.

तरीही पाणी येतंय: चर आणि पंप

वरच्या अंगणातून ओघळ येत असेल तर घराच्या त्या बाजूला चर खणून पाणी आधीच पकडायचं. इथे त्याला फ्रेंच ड्रेन म्हणतात. खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वायरी-पाइप दाखवणाऱ्या सेवेला, फोन करा किंवा ऑनलाइन नोंद करा. नॉर्थ कॅरोलायनात त्यासाठी कामाचे तीन पूर्ण दिवस आधी कळवावं लागतं, पैसे लागत नाहीत. ते येऊन रंगाच्या खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट. तुमच्या स्वतःच्या बागेच्या पाण्याच्या नळ्या मात्र ते दाखवत नाहीत. कॉलनीला एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर त्यांची परवानगीही आधीच मागा.

चर भिंतीला चिकटून खणू नका. इथे थंडी फार खोल जात नसल्याने घरांची फुटिंग, म्हणजे भिंतीखालचे काँक्रीटचे पाये, उथळ असतात. त्यांच्या तळापेक्षा खोल चर अगदी शेजारी खणली तर पायाखालची माती सुटते. चार-सहा फूट अंतर ठेवा.

चर साधारण फूटभर रुंद, दीड-दोन फूट खोल. तळाला उतार दर फुटाला एक अष्टमांश इंच. पन्नास फुटांच्या चरीत दोन्ही टोकांमध्ये सव्वासहा इंचांचा फरक आला पाहिजे. चरीत आधी न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, दोन्ही कडा वर मोकळ्या सोडा. दोन इंच धुतलेली खडी, इथल्या दुकानात ५७ नंबरची मागा. तिच्यावर चार इंची छिद्रांचा पाइप, छिद्रं खाली. पुष्कळ जण ती वर ठेवतात. पण पाणी खालून चढतं, त्यामुळे छिद्रं खाली असली की ते लवकर पाइपात शिरतं. वर पुन्हा खडी, मग कापडाच्या कडा एकमेकींवर दुमडा आणि वर माती. छपराचा पाइप ह्या छिद्रवाल्या पाइपाला कधीही जोडू नका. तसं केलं तर छपराचं सगळं पाणी तुम्ही जमिनीत, घराशेजारीच सोडताय.

पाणी शेवटी कुठे सोडायचं हे पहिल्या दिवशी ठरवा. शेजाऱ्याच्या अंगणात ढकललं तर भांडण होईल आणि कायदाही तुमच्या बाजूने असेलच असं नाही. सांडपाण्याच्या लाइनीत सोडणं बेकायदा. उतारावरचं उघडं टोक, रस्त्याकडेचा पावसाळी नाला, तोही नगरपालिका परवानगी देत असेल तर, किंवा परसातला खोलगट बगीचा हे पर्याय राहतात.

भूजलच वर येत असेल तर बाहेरच्या चरीने भागत नाही. मग क्रॉलस्पेसच्या आत भिंतीच्या कडेने तसाच पाइप आणि सगळ्यात खोल जागी खड्डा करून त्यात जमलेलं पाणी बाहेर फेकणारा संप पंप. पंप एक तृतीयांश किंवा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पुरतो. उलट फिरणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आणि बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवाच, कारण वादळात पाणी येतं त्याच वेळी वीज जाते. ह्या कामासाठी माणूस लावा. दोन फूट उंचीच्या जागेत पोटावर पडून खणणं अनुभवी माणसालाही जड जातं.

वाळवणं आणि बुरशी

खाली लोंबणारं गुलाबी किंवा पिवळं फायबरग्लास ओलं झालं असेल तर काढून फेका. ते वाळून पूर्वीसारखं होत नाही आणि लाकडाला ओल चिकटवून ठेवतं. जुनं फाटकं प्लास्टिक, बिल्डरने टाकलेले लाकडाचे तुकडे, पुठ्ठे सगळं बाहेर. कुजक्या लाकडाचा ढीग म्हणजे वाळवीला पंगत.

मग मोठे पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून आकडे १६ च्या खाली येईपर्यंत थांबायचं. पूर येऊन गेलेल्या घरात ह्याला कित्येक आठवडे लागतात. इथे कंटाळू नका.

जॉइस्टवरची पांढरी-हिरवी लव बहुतेक वेळा वरवरची असते. ब्रश, साबणपाणी आणि फिल्टर असलेला व्हॅक्यूम एवढ्यात निघते. ब्लीच शिंपडू नका. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, रंग जातो, मूळ कारण तसंच राहतं. नंतर बोरेट असलेलं औषध लाकडावर मारलं तर बुरशी आणि कीड दोन्हींना आळा बसतो. घरात कुणाला दमा असेल किंवा बुरशी फार पसरलेली असेल तर हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्या.

लाकूड

एखाद-दुसऱ्या जॉइस्टची कड गेली असेल तर त्याला नवा जॉइस्ट चिकटवून बोल्ट किंवा स्ट्रक्चरल स्क्रूने जोडतात, शक्यतो पूर्ण लांबीचा. भिंतीवरची सिल प्लेट बदलायची असेल तर नवी प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या, लाकडाचीच. पण गर्डर खचलाय, खांब कललाय, वर जमीन उतरती झालीय, दारं अडकतायत असं काही असेल तर आधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तो काही शे डॉलर घेतो आणि कागदावर लिहून देतो. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं, म्हणून त्याचा शब्द फुकट तपासणीवाल्यापेक्षा जास्त मोलाचा. भार पेलणाऱ्या भागाला हात लावायला परमिट लागतं, आणि पुढे घर विकताना त्या कागदाची विचारणा होते.

जॅक लावून घर एका दिवसात वर उचलणाऱ्यापासून सावध राहा. लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू वाकलेलं असतं. ते एकदम सरळ केलं की वरच्या भिंतींना चिरा जातात, टाइल फुटतात. थोडं थोडं उचलायचं, मध्ये थांबायचं.

आता प्लास्टिक

कोरड्या, स्वच्छ, दुरुस्त झालेल्या क्रॉलस्पेसमध्ये किमान सहा मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं पॉलिथिन माती पूर्ण झाकेल असं अंथरतात. सरपटत फिरायचं असल्याने मी दहा-बारा मिलच्या खाली जाणार नाही. जोडांवर निदान सहा इंच एकमेकांवर, टेप लावून. पाण्याचा प्रश्न गंभीर नसेल आणि दोष मातीतून उठणाऱ्या बाष्पाचा असेल तर बऱ्याच घरांना एवढं पुरतं.

पूर्ण बंद क्रॉलस्पेस हा त्यापुढचा टप्पा. त्यात जाळ्या बंद होतात, प्लास्टिक भिंतीवर चढतं आणि आत डीह्युमिडिफायर बसतो. तो ५० ते ५५ टक्क्यांवर लावायचा आणि त्याचं पाणी बाहेर काढायचं. हे विक्रेत्यांचं खूळ नाही. रालेच्या ॲडव्हान्स्ड एनर्जी ह्या संस्थेने प्रिन्सव्हिल गावातल्या १२ घरांवर अभ्यास केला. प्रिन्सव्हिल हे गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव, १९९९ च्या फ्लॉइड वादळात पाण्याखाली गेलेलं. तिथली बंद क्रॉलस्पेस असलेली घरं उघड्या जाळ्यांच्या घरांपेक्षा खाली कितीतरी कोरडी राहिली, शिवाय गरम-थंड करण्याची वीजही १५ टक्क्यांहून जास्त वाचली.

बंद करण्याआधी चार गोष्टी तपासा. खाली गॅसची भट्टी किंवा गीझर असेल आणि तो जळायला तिथलीच हवा घेत असेल, तर जाळ्या बंद केल्याने घरात कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेमा ह्या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या नकाशात घर पूरक्षेत्रात असेल तर पुराचं पाणी आत-बाहेर जाऊ देणाऱ्या जाळ्या बंद करता येत नाहीत. वाळवीची तपासणी करणाऱ्याला भिंतीचा वरचा तीन इंचांचा पट्टा उघडा दिसला पाहिजे, त्यामुळे प्लास्टिक अगदी वरपर्यंत चिकटवू देऊ नका. ज्या कंपनीकडे तुमचा वाळवीचा करार आहे तिला कामाआधीच कळवा, नाहीतर तो करार रद्द होऊ शकतो. आणि रेडॉन ह्या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी करून घ्या. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर गेला तर ईपीए ही केंद्रीय पर्यावरण संस्था उपाय करायला सांगते, आणि त्याचा पाइप प्लास्टिकखालूनच जातो, म्हणून दोन्ही कामं एकत्र केलेली बरी.

विमा

साध्या घरविम्यात अचानक फुटलेल्या नळाचं नुकसान सहसा धरतात. हळूहळू झिरपलेलं, जमिनीतून आलेलं किंवा पुराचं पाणी धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा, आणि सरकारी योजनेत तो घेतल्यावर लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस लागतात, त्यामुळे चक्रीवादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही. नुकसान झालंच तर काहीही हलवण्याआधी फोटो काढा आणि भिंतीवरची पाण्याची रेघ फुटपट्टीसकट टिपा.

घर अजून घेतलेलं नसेल, ड्यू डिलिजन्सचा, म्हणजे घर तपासून व्यवहार सोडून देता येण्याचा, काळ चालू असेल, तर इन्स्पेक्टरला क्रॉलस्पेसच्या चारही कोपऱ्यांचे आणि न्हाणीघरांखालचे फोटो मागा, लाकडातल्या ओलीच्या आकड्यांसकट. विकणाऱ्याने अलीकडेच कोरं करकरीत प्लास्टिक टाकलेलं दिसलं, तर एक कोपरा उचलून खालची माती पाहायला सांगा.